आफ्रिकान्सची वाक्यरचना आणि व्याकरण: मराठी भाषकांना वारंवार पडणारे प्रश्न

आफ्रिकान्स शिकायला सोपी, असं सगळेच सांगतात. क्रियापदं चालवावी लागत नाहीत, लिंग नाही, विभक्ती नाही, एवढ्यापुरतं ते खरंही आहे. पण शिकणारा अडतो तो शब्दांच्या रूपांत नाही, शब्दांच्या जागेत. क्रियापद कुठे बसतं हे एकदा कळलं की निम्म्याहून अधिक व्याकरण हाती आलं, म्हणून या पानावर सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे. शिकण्याचं बहुतेक साहित्य इंग्रजीतून मिळतं, पण कितीतरी ठिकाणी आफ्रिकान्सला मराठीच जवळची पडते. तशी ठिकाणं मुद्दाम दाखवली आहेत.

आफ्रिकान्स नेमकी कुठे आणि कोण बोलतं?

मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १०.६ टक्के लोकांनी घरात बोलायची भाषा म्हणून आफ्रिकान्स सांगितली. झुलू आणि खोसा यांच्यानंतर तिचाच क्रमांक लागतो. पश्चिम केप आणि उत्तर केप हे प्रांत तिचे बालेकिल्ले. नामिबियात १९९० साली स्वातंत्र्यानंतर तिचा अधिकृत दर्जा गेला, तरी दोन वेगळ्या भाषांची माणसं भेटली की आजही तिथे आफ्रिकान्सच कामाला येते.

ही फक्त गोऱ्यांची भाषा, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. तिच्या भाषकांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. वर्णभेदाच्या सरकारने ती काळ्या मुलांच्या शाळांवर लादली आणि १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतली मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, गोळीबारात मुलं मारली गेली. हा इतिहास शिकणाऱ्याने जाणून घ्यावा. मात्र ज्यांच्या घरात ही भाषा गुलामगिरीच्या काळापासून बोलली जाते, त्या केपमधल्या कष्टकरी कुटुंबांचीही ती तेवढीच आहे.

ही डचचीच बोली आहे का?

मूळ डच, पण आज ती स्वतंत्र भाषा आहे. १६५२ साली यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं घालायला केपला, म्हणजे आजच्या केप टाउनच्या जागी, उतरला. पुढच्या दीडशे वर्षांत डच वसाहतवाले, मूळचे खोइखोइ लोक आणि इंडोनेशिया, मादागास्कर, बंगाल, मलबार, कोरोमंडल इथून आणलेले गुलाम यांच्या रोजच्या बोलण्यातून डचची रूपं झिजली आणि नवी वळणं तयार झाली. केप टाउनच्या मदरशांमध्ये ही बोली अरबी लिपीत लिहिली जात होती. तुर्की साम्राज्यातून केपला आलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा धर्मशास्त्रावरचा असा ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. १९२५ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली, १९३३ मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल आलं.

इथली देवनागरी उदाहरणं वाचायची कशी?

भाषा लिहितात रोमन लिपीत, पण ती लिपी इंग्रजीच्या सवयीने वाचली की उच्चार बिघडतात. म्हणून इथे आधी कानाची सोय केली आहे. जी अक्षराचा उच्चार 'ख', तोही घशात घासून, उर्दूतल्या 'खबर'सारखा. व्ही म्हणजे 'फ', डब्ल्यू म्हणजे 'व', जे म्हणजे 'य'. शब्दाच्या शेवटी डी आला की 'ट' ऐकू येतो: 'खूट' म्हणजे चांगलं, पण लिहिताना शेवटी डी.

शब्दाच्या शेवटचा निसटता 'अ' इथे अनुस्वाराने दाखवला आहे. 'केलं', 'गेलं' यांत आपण शेवट जसा उच्चारतो तसाच तो म्हणायचा, नाकात न्यायचा नाही. 'मॉरं' म्हणजे उद्या, 'हावं' म्हणजे बंदर. 'येय', 'हेय', 'मेय' यांतला स्वर 'ए' आणि 'अय' यांच्या मध्ये कुठेतरी आहे. प, ट, क म्हणताना इंग्रजीसारखी हवेची फुंकर नको. मराठी माणसाला हे आपसूक येतं, इंग्रज माणसाला शिकावं लागतं.

क्रियापद चालवावं लागत नाही म्हणजे काय?

एकच रूप सगळ्यांना चालतं. 'एक लुअप' मी चालतो, 'येय लुअप' तू चालतोस, 'हेय लुअप' तो चालतो, 'सेय लुअप' ती चालते, 'ऑन्स लुअप' आम्ही चालतो, 'यलं लुअप' तुम्ही चालता, 'हलं लुअप' ते चालतात. स्त्री-पुरुष भेदही नाही. 'एक' हा शब्द 'मी' या अर्थी येतो, त्याचा आपल्या आकड्याशी संबंध नाही.

वेगळं वागणारी क्रियापदं दोनच. 'असणे' यासाठी वर्तमानकाळात 'इस', पण मूळ रूप 'विअस'. 'जवळ असणे' यासाठी वर्तमानात 'हेट', मूळ रूप 'हे'. म्हणून 'एक हेट कॉफी' म्हणजे माझ्याकडे कॉफी आहे, आणि 'एक विल कॉफी हे' म्हणजे मला कॉफी हवी आहे.

साध्या वाक्यात शब्दांचा क्रम कसा असतो?

पूर्ण उत्तरासाठी एकच वाक्य घेऊ आणि तेच पुढे फिरवत राहू. केप टाउनजवळ काल्क बेच्या बंदरावर स्नूक नावाचा मासा विकत मिळतो.

'एक कुअप फनदाख स्नूक बेय डी हावं.' मी आज बंदरावर स्नूक घेतो.

'कुअप' म्हणजे विकत घेणे. ते दुसऱ्या जागेवर आहे. आता 'आज'वर जोर द्यायचा आहे, म्हणून 'फनदाख' पुढे आणू:

'फनदाख कुअप एक स्नूक बेय डी हावं.'

'कुअप' हललं नाही. 'मी'च उठून त्याच्या मागे गेला. बंदर पुढे आणलं तरी तेच:

'बेय डी हावं कुअप एक फनदाख स्नूक.'

'बेय डी हावं' हे तीन शब्द आहेत, पण मिळून एकच जागा भरतात, कारण ते एकच गोष्ट सांगतात. जागा मोजायच्या त्या शब्दांच्या नाहीत, अर्थाच्या तुकड्यांच्या. पहिली जागा कोणालाही द्या, दुसरी क्रियापदाची ठरलेली.

मराठी माणूस इथे हमखास 'फनदाख एक कुअप' म्हणतो, कारण मराठीत 'आज मी घेतो' हाच क्रम आहे आणि इंग्रजीतही कर्ता क्रियापदाच्या आधीच येतो. दोन्ही भाषा एकाच चुकीकडे ढकलतात. त्यामुळे हा सराव तोंडाने, मोठ्याने करायला हवा. 'आज', 'उद्या', 'इथे', 'आता' यांनी वाक्य सुरू करायचं आणि लगेच क्रियापद म्हणायचं, हा व्यायाम पहिले काही आठवडे रोज करावा.

'स्टॉम्पी' म्हणून काहीतरी ऐकलं, ते काय?

दक्षिण आफ्रिकेच्या शाळांत दुसरी भाषा म्हणून आफ्रिकान्स शिकणाऱ्या मुलांना क्रम लक्षात राहावा म्हणून शिकवतात तो सांकेतिक शब्द. कर्ता, वेळ, कर्म, रीत, स्थळ आणि शेवटी मूळ रूपातलं क्रियापद, यांच्या आफ्रिकान्स नावांच्या आद्याक्षरांपासून तो बनला आहे. मुख्य क्रियापद कर्त्याच्या लगेच मागे येतं.

'एक हेट खिस्टर स्नूक साम मेट मेय सस्टर बेय डी हावं खकुअप.' मी काल बहिणीबरोबर बंदरावर स्नूक घेतला.

सुरुवातीला हा साचा फार उपयोगी पडतो. पण तो दगडावरची रेघ नाही. बोलताना लोक 'स्नूक' बरेचदा शेवटच्या क्रियापदाच्या अगदी जवळ नेतात: 'एक हेट खिस्टर साम मेट मेय सस्टर बेय डी हावं स्नूक खकुअप.' हेच जास्त सहज वाटतं. परीक्षेसाठी साचा पाळावा, कानासाठी रेडिओ ऐकावा.

भूतकाळ कसा करायचा?

'हेट' दुसऱ्या जागी आणि मूळ क्रियापदाला 'ख' हा उपसर्ग लावून ते वाक्याच्या शेवटी. 'कुअप'चं 'खकुअप', 'लुअप'चं 'खलुअप', 'वेर्क' म्हणजे काम करणेचं 'खवेर्क'. लिहिताना हा उपसर्ग जी आणि ई असा असतो.

'खिस्टर हेट एक स्नूक बेय डी हावं खकुअप.'

दुसऱ्या जागेवरचं 'हेट' आणि शेवटचं 'खकुअप' यांच्या मध्ये बाकी सगळं वाक्य बसतं. मराठीत 'मासा घेतला, भाजी घेतली, मासे घेतले' असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं, ते इथे काही नाही. 'मी केलं', 'मी करत होतो', 'मी केलेलं आहे' यांतले फरकही बहुतेक वेळा या एकाच रूपात मावतात.

'फर', 'ब', 'ऑन्ट', 'हर' असे उपसर्ग आधीच असतील तर 'ख' लागत नाही: 'एक हेट फरस्टान', मला समजलं. मोजक्या क्रियापदांना मात्र जुनी रूपं राहिली आहेत आणि ती पाठच करावी लागतात. 'इस'चं 'वास', 'कान'चं 'कॉन', 'मूट'चं 'मूस', 'विल'चं 'वओ', 'साल'चं 'सओ'. म्हणजे 'एक वओ स्नूक कुअप', मला स्नूक घ्यायचा होता.

आणि भविष्यकाळ?

'साल' किंवा 'खान' दुसऱ्या जागी, मूळ क्रियापद शेवटी: 'एक साल मॉरं स्नूक कुअप.' ठरवलेल्या गोष्टीसाठी बोलताना 'खान' जास्त ऐकू येतो. वेळेचा शब्द असेल तर नुसता वर्तमानकाळही चालतो, जसं आपण 'उद्या येतो' म्हणतो. 'कान' शकणे, 'मूट' पाहिजे किंवा लागणे, 'माख' परवानगी असणे, 'विल' इच्छा असणे, ही सगळी याच साच्यात बसतात.

'की', 'कारण', 'जर' आले की वाक्य उलटं का होतं?

इथे इंग्रजीतून शिकणारे रडकुंडीला येतात आणि मराठी माणूस जिंकतो. 'डाट' म्हणजे 'की'. त्याच्यानंतर क्रियापद दुसऱ्या जागी न बसता थेट शेवटी जातं:

'एक विअट डाट येय फनदाख स्नूक बेय डी हावं कुअप.' मला माहीत आहे की तू आज बंदरावर स्नूक घेतोस.

'डाट'च्या पुढचा भाग मराठीच्या शेजारी ठेवून पाहा: तू, आज, स्नूक, बंदरावर, घेतोस. 'बंदरावर' ऐवजी 'वर बंदर' एवढाच फरक, बाकी क्रम जसाच्या तसा. भूतकाळातही तसंच: 'डाट येय स्नूक खकुअप हेट', की तू स्नूक घेतला आहेस. 'खकुअप हेट' आणि 'घेतला आहेस' यांची मांडणी एकच, सहायक क्रियापद सगळ्यात शेवटी.

'ऑमडाट' म्हणजे कारण, 'आस' म्हणजे जर किंवा जेव्हा, 'टू' म्हणजे भूतकाळातलं जेव्हा, 'ऑफ' म्हणजे की नाही. हे सगळे असंच वागतात. तेव्हा नियम असा ठेवावा: यांपैकी एखादा शब्द तोंडातून गेला की पुढचं वाक्य मराठी क्रमाने बोलायचं.

दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. 'शकणे', 'हवे असणे' यांत क्रम मराठीच्या उलट आहे. आपण 'घेऊ शकतोस' म्हणतो, तिथे 'कान कुअप' असं, 'कान' आधी. आणि 'वान्ट' या शब्दाचा अर्थही 'कारण'च, पण तो क्रम बदलत नाही. 'एक ब्लेय टेइस, वान्ट एक इस सीक' आणि 'एक ब्लेय टेइस ऑमडाट एक सीक इस', दोन्हींचा अर्थ मी घरीच राहतो कारण मी आजारी आहे. अडखळायला होत असेल तर सुरुवातीला 'वान्ट' वापरावा. तो शुद्ध आहे, त्यात कमीपणा काही नाही. 'डाट'सुद्धा गाळता येतो: 'एक विअट हेय इस सीक.' गाळला की क्रम पुन्हा साधा.

नकारात दोनदा 'नी' का म्हणतात?

पहिला 'नी' नाकारतो आणि दुसरा वाक्य बंद करतो. 'एक कुअप नी स्नूक बेय डी हावं नी.' मी बंदरावर स्नूक घेत नाही. दोन नकारांचा होकार होत नाही.

वाक्य इतकं लहान असेल की पहिला 'नी' आपोआपच शेवटी येतो, तर दुसरा लागत नाही. 'एक विअट नी', मला माहीत नाही. 'एक सिन हॉम नी', मी त्याला पाहत नाही. भूतकाळ आला की परत दोन: 'एक हेट हॉम नी खसिन नी.'

'कोणी नाही' म्हणजे 'नीमान्ट', 'काही नाही' म्हणजे 'निक्स', 'कधीच नाही' म्हणजे 'नॉइट'. यांत नकार आधीच आहे, तरी शेवटचा 'नी' हवाच: 'नीमान्ट हेट स्नूक खकुअप नी.' मनाई करताना 'मूनी' ने सुरुवात होते: 'मूनी लुअप नी', चालू नकोस.

वाक्यात वाक्य असेल तर शेवटचा 'नी' सगळ्यांच्या मागे थांबतो: 'एक विअट नी ऑफ हेय फनदाख कॉम नी.' तो आज येतो की नाही, मला माहीत नाही. नकार 'माहीत' या शब्दाचा आहे, पण दार लावणारा 'नी' येतो पार शेवटी. हा शेवटचा 'नी' विसरला तर ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, म्हणून त्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

प्रश्न कसा विचारायचा?

क्रियापद पहिल्या जागी आणा. 'प्राट येय आफ्रिकान्स?' तू आफ्रिकान्स बोलतोस का? प्रश्नवाचक शब्द असेल तर पहिली जागा त्याची: 'वार वुअन येय?' कुठे राहतोस? 'वाट' काय, 'वी' कोण, 'वानिअर' केव्हा, 'हूकॉम' का, 'हू' कसं.

क्रियापद मधूनच तुटतं, ते कसं ओळखायचं?

'ऑपस्टान' म्हणजे उठणे. वाक्यात 'ऑप' सुटून शेवटी जातं: 'एक स्टान फ्रूख ऑप', मी लवकर उठतो. भूतकाळात 'ख' मध्ये शिरतो: 'एक हेट फ्रूख ऑपखस्टान.' गौण वाक्यात, म्हणजे 'डाट', 'ऑमडाट' यांच्यानंतरच्या भागात, दोन्ही तुकडे पुन्हा जुळतात: 'ऑमडाट एक फ्रूख ऑपस्टान.' ओळखायची खूण उच्चारात आहे. जोर पहिल्या तुकड्यावर असेल तर तो तुटतो, 'फरस्टान'सारखा जोर दुसऱ्यावर असेल तर तुटत नाही.

'ऑम टं' कुठे लागतं?

'करायला', 'करण्यासाठी' म्हणायचं तिथे. 'एक प्रबिअर ऑम आफ्रिकान्स टं प्राट', मी आफ्रिकान्स बोलायचा प्रयत्न करतो. 'ऑम' सुरुवातीला, 'टं' क्रियापदाच्या लगेच आधी, बाकीचं मध्ये. 'कान', 'मूट', 'विल' यांच्याबरोबर हे लागत नाही.

लिंग आणि उपपदं?

लिंग नाहीच. 'डी' म्हणजे तो ठरावीक, 'अ' म्हणजे कोणताही एक. हा 'अ' लिहिताना एक अपॉस्ट्रॉफी आणि छोटा एन असा लिहितात आणि वाक्याच्या सुरुवातीलाही तो मोठा करत नाहीत. त्याच्या पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं.

अनेकवचनाचा नियम आहे का?

बहुतेक शब्दांना 'अं' किंवा 'स' लागतो: 'बूक' पुस्तक, 'बूकं' पुस्तकं, 'टाफल' टेबल, 'टाफल्स' टेबलं. शेवटी जी असेल तर ती अनेकदा गळते, 'डाख' दिवस, 'डाअं' दिवस अनेक. 'किन्ट' मूल, 'किन्डर्स' मुलं असे काही शब्द स्वतंत्रपणे पाठ करावेत. शब्द शिकतानाच त्याचं अनेकवचन वहीत लिहावं, दुसरा मार्ग नाही.

विशेषण बदलतं का?

नामाच्या आधी आलं तर कधी कधी. एकाहून अधिक अक्षरावयव असलेल्या विशेषणाला शेवटी सहसा 'अं' लागतो: 'डी बूक इस बलांगरिक', पुस्तक महत्त्वाचं आहे, पण 'अ बलांगरिकं बूक', एक महत्त्वाचं पुस्तक. 'ख्रुअट' मोठं, 'क्लेय्न' लहान, 'मोय' सुंदर यांना काही लागत नाही. 'खूट'चं 'खुयं' होतं, म्हणून सकाळी भेटल्यावर 'खुयं मॉरं'. अपवाद भरपूर आहेत आणि हा भाग अवघडच आहे. पण इथे चुकलं तरी अर्थ कळतो, म्हणून सुरुवातीला यावर फार वेळ घालवू नये.

मराठीशी साम्य आहे म्हणता, ते आणखी कुठे दिसतं?

मालकी दाखवताना. 'अन्ना सं बूक' म्हणजे अन्नाचं पुस्तक, आधी मालक, मग 'सं', मग वस्तू. साखळीही आपल्यासारखीच लांबते: 'मेय पा सं ब्रूर सं हेइस', माझ्या बाबांच्या भावाचं घर. आपल्याला चा, ची, चे, च्या यांतून निवडावं लागतं, त्यांचा 'सं' कधी बदलत नाही.

दिशा दाखवताना 'टू' नामाच्या मागे लागतो, शब्दयोगी अव्ययासारखा: 'स्कुअल टू' शाळेकडे, 'हेइस टू' घराकडे. 'एक खान मॉरं डॉर्प टू', मी उद्या गावात जातो.

आपण 'मी पुस्तक पाहिलं' म्हणतो, पण माणूस असेल तर 'मी अन्नाला पाहिलं', हा 'ला' सोडत नाही. आफ्रिकान्समध्येही बोलताना माणसाच्या आधी 'फिर' लावतात: 'एक हेट फिर अन्ना खसिन', पण 'एक हेट डी बूक खसिन'.

'मी वाचत बसलोय' याला 'एक सिट एन लिअस', शब्दशः बसतो आणि वाचतो. उभं राहून किंवा पडून चाललेल्या कामालाही तसंच, 'स्टान एन', 'ले एन'.

आणि द्विरुक्ती. 'हेय कॉम लाख-लाख डी कामर इन', तो हसत हसत खोलीत येतो. 'खओ-खओ' पटापट, 'प्लेक-प्लेक' जागोजागी. युरोपीय भाषा शिकलेल्याला याचं नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही.

'तू' आणि 'तुम्ही' यांचं काय?

'येय' म्हणजे तू, आणि आदरार्थी 'यू', ओठ चंबूसारखे पुढे करून. पण घरात, शेजारी, दुकानात मोठ्या माणसाशी बोलताना सर्वनामच टाळतात. पुरुषाला 'उअम', बाईला 'टानी' म्हणतात, म्हणजे आपले काका आणि मावशी, नातं असो वा नसो. आणि तोच शब्द सर्वनामाच्या जागी येतो: 'विल टानी कॉफी हे?' टानीला कॉफी हवी का? 'कान उअम मेय हेल्प?' काका मला मदत करतील का? आईला विचारतानाही 'तू' नाही, 'मा'च. वयाने मोठ्या, अनोळखी आफ्रिकान्स माणसाला थेट 'येय' म्हणणं कानाला खटकतं, हे लक्षात ठेवावं.

सगळ्या शब्दांना 'की' आणि 'ई' का जोडतात?

लहानपणा, जिव्हाळा किंवा बोलण्यातला मऊपणा दाखवायला. 'हेइस' घर, 'हेइसी' छोटंसं घर. 'काट' मांजर, 'काइकी' मनीमाऊ. 'बुअम' झाड, 'बुअम्पी' रोपटं. लिहिलेलं टीजेआयई असतं, पण उच्चार 'की' होतो, तेवढं बघून ठेवावं. रोजच्या बोलण्यात 'अ बीकी', म्हणजे थोडंसं, सतत ऐकू येईल.

मला जर्मन येतं, फायदा होईल का?

खूप. पुण्यात जर्मन शिकलेले अनेक जण असतात, त्यांच्यासाठी क्रियापदाची दुसरी जागा, गौण वाक्यात शेवटची जागा, तुटणारी क्रियापदं, हे सगळं ओळखीचं आहे. चार विभक्ती आणि तीन लिंगं बाजूला ठेवा. भूतकाळात 'जाणे', 'येणे' यांच्यासाठी जर्मनसारखं वेगळं सहायक क्रियापद नाही, सगळीकडे 'हेट': 'एक हेट खखान', मी गेलो. दुसरा 'नी' मात्र नव्याने शिकावा लागेल. कर्मणी प्रयोगात एक खाच आहे: 'डी स्नूक वॉर्ट फरकुअप' म्हणजे स्नूक विकला जातो, पण 'डी स्नूक इस फरकुअप' म्हणजे विकला गेला. 'इस' दिसला म्हणून वर्तमानकाळ समजू नये.

आपल्या ओळखीचे शब्द सापडतात का?

काही सापडतात. 'आचार' म्हणजे लोणचंच. 'ट्रॉन्क' म्हणजे तुरुंग. हा पोर्तुगीजमधून तिकडे गेला, आणि आपला 'तुरुंग'ही पोर्तुगीजच. 'पीसांग' केळं आणि 'बायं' खूप, हे मलायमधून आले.

केप टाउनमध्ये कोकणातून, रत्नागिरी-रायगडच्या बाजूने गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही कुटुंबं तिथे गेली आणि आफ्रिकान्स बोलणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहिली. म्हणजे कोकणची बोली आणि आफ्रिकान्स एका गल्लीत नांदण्याला शंभराहून अधिक वर्षं झाली.

ऐकायला आणि वाचायला काय घ्यावं?

ऐकायला दक्षिण आफ्रिकेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं आर एस जी हे आफ्रिकान्स रेडिओ केंद्र. बातम्या आधी ऐकाव्यात, कारण निवेदक सावकाश आणि स्पष्ट बोलतात. वाचायला 'हेइसखनुअट' हे १९१६ पासूनचं नियतकालिक, त्यातली पाककृतींची पानं नवख्याला उत्तम, कारण वाक्यं लहान असतात. नंतर केप टाउनच्या केप फ्लॅट्स या भागातल्या लोकांचं बोलणं ऐकावं. त्याला काप्स म्हणतात, त्यात इंग्रजी भरपूर मिसळलेलं असतं आणि त्याला स्वतःचं साहित्य आहे. ते अशुद्ध आफ्रिकान्स आहे असं कोणी सांगितलं तर मान्य करू नये.

मी आफ्रिकान्स बोललो की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. काय करावं?

तो मदत करतोय, टाळत नाहीये. त्याला सरळ सांगावं: 'प्राट आसब्लीफ आफ्रिकान्स मेट मेय, एक लिअर नॉख.' कृपया माझ्याशी आफ्रिकान्स बोला, मी अजून शिकतोय. फार वेगात बोलला तर 'स्टाडिखर, आसब्लीफ', जरा हळू. समजलं नाही तर 'एक फरस्टान नी', इथे एकच 'नी' पुरतो. आणि दुकानातून निघताना 'बायं डान्की, टानी'.